परबमामांची तिसरी प्रत

माझ्या घरात एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात माझी नववीची गुणपत्रिका, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, या खोलीचे वाटपपत्र आणि काळ्या माकडटोपीत गुंडाळलेला एक हार्ड ड्राइव्ह, अशी चार महत्त्वाची कागदपत्रे ठेवलेली आहेत. ड्राइव्ह हा कागद नव्हे, इतके मला कळते. परंतु तो ठेवून घेताना माझ्याकडून जितक्या सह्या घेण्यात आल्या, तितक्या या खोलीचा ताबा देताना सरकारनेही घेतल्या नव्हत्या. सबब, त्याला कागदपत्रांत धरणेच न्यायाचे होईल.

सह्या घेणारे गृहस्थ म्हणजे वामन परब, आमच्या घाटकोपरच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरचे परबमामा. मी तिसऱ्यावर, बरोबर त्यांच्या खाली. ते माझ्या डोक्यावर राहतात, ही गोष्ट त्यांनी मला कधी विसरू दिली नाही.

माझ्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण हा मजकूर माझ्याविषयी नाही. मी अर्ज लिहितो. सरकारी कचेरीसमोर माझा गाळा आहे. त्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि पक्षकारांसाठी एक बाक आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढे बीजगणित आणि मी यांच्यात तडजोड होऊ शकली नाही. तथापि आज पदवीधर माणसे त्या बाकावर बसून "साहेब, जरा वजनदार भाषेत लिहा" अशी विनंती करतात, आणि मी ती मान्य करतो. परबमामा मला 'वकील' म्हणत. इतर लोक ते आदराने म्हणत. मामा कसे म्हणत, हे पुढे कळेलच.

मामांनी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लेथवर उमेदीची सगळी वर्षे काढली. केसाइतक्या मापाचे काम करणारा हात, आणि त्या यंत्रांच्या खडखडाटात हळूहळू निकामी होत गेलेले कान, एवढी मिळकत घेऊन ते निवृत्त झाले. पण त्यांचे खरे आयुष्य वर्कशॉपबाहेर गेले होते. त्यांचे थोरले बंधू दत्ताराम हे भजनी बुवा. मालवणाकडची माणसे मुंबईत जिथे जिथे राहिली, तिथे तिथे त्या काळी डबलबारी होत असे: समोरासमोर दोन बुवा, दोन मंडळे, आणि एकाने गायचे तर दुसऱ्याने त्याला गाऊनच उत्तर द्यायचे. दत्तारामबुवा गात. तुकाराम राणे मृदंग वाजवत. गोविंद नावाचे एक गृहस्थ झांज वाजवत. आणि वामन परब, ज्यांना ना गळा होता ना ताल, ते मागे भिंतीला टेकून टेपरेकॉर्डर सांभाळत. वीस-बावीस वर्षे त्यांनी हेच केले. मंडळातले सर्वजण यथावकाश वारले. टेपरेकॉर्डर सांभाळणारा उरला.

निवृत्तीनंतर मामांनी त्या सगळ्या कॅसेटी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या. पवईला राहणाऱ्या जावयाने आपल्या कंपनीने मोडीत काढलेले एक यंत्र आणून दिले, त्यावर फुकटात मिळणारी कुठलीशी वेगळी प्रणाली बसवून दिली, आणि सासऱ्यांचे मन रमेल अशा समजुतीने तो निघून गेला. मन रमले नाही. मनाने नोकरी धरली. यंत्र देवघराखालच्या फळीवर बसले. त्याला सर्व्हर म्हणायचे असा घरात नियम झाला. मामी आल्यागेल्याला सांगत, "जरा हळू बोला, ह्यांचो सर्व्हर चालू आसा," जणू आत कोणी आजारी माणूस झोपला आहे. खंडेनवमीला वर्कशॉपात लेथला झेंडूची माळ घालतात, त्याच रीतीने मामा सर्व्हरला माळ घालत आणि तिन्ही ड्राइव्हना हळदकुंकू लावत. कुंकू जोडणीच्या भोकात जाऊ नये म्हणून आधी चिकटपट्टी लावत. भक्तीतही मापाचा माणूस.

तीन ड्राइव्ह. त्यांना नावे होती. सर्व्हरला कायम जोडलेला तो 'घरचा'. दुसरा मुलीकडे पवईला राही, तो 'लेकीचा'. तिसरा माझ्या ट्रंकेत, तो 'शेजारचा'. तिघांत तीच सातशे बारा भजने. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला मामा खाली येत, शेजारचा घेऊन वर जात, नवे-जुने ताडून पाहत आणि दुपारी परत आणून देत. दुसऱ्या रविवारी हेच लेकीच्याचे. दोघांना एका दिवशी सर्व्हरजवळ आणायचे नाही, हा कायदा होता.

"मशीनचो विश्वास धरूचो नसता, वकील," ते म्हणत. "मशीनची सवय धरूची. आज चलता हा तर उद्या बंद पडतला, ही तिची सवय."

ड्राइव्हची तार ते कधी ओढून काढत नसत. कॉम्प्युटरने 'आता काढा' असे सांगितल्यावरही त्यावर तळहात ठेवून वीसपर्यंत मोजत. मी विचारले, "मामा, आता काय राहिले?" तर म्हणाले, "आत चकती फिरता. ती थांबान्दे. धावत्या माणसाक तू झोपवतंस काय?" मग टोपी. मग वही. वहीत तारीख, वेळ, ड्राइव्हचे नाव, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. सुरुवातीला वहीत 'मिळाला' एवढेच लिहीत. ते मला व्यवसायाच्या दृष्टीने सहन झाले नाही. मी 'सुस्थितीत व कोणत्याही तक्रारीविना मिळाला' असा मजकूर घालून दिला. मामा म्हणाले, "झकास." त्यांच्याकडून मला मिळालेली ही पहिली आणि बराच काळ एकमेव स्तुती.

जावयाने एकदा सुचवले की हे सगळे क्लाउडवर टाकून द्यावे, म्हणजे टोपी नको आणि वही नको. मी त्या वेळी तिथे होतो. मामांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पासवर्ड इसारलंय तर जावचा खंय?"

"कुठे जायचं नाही, बाबा. ऑनलाइन रिक्वेस्ट टाकायची."

"त्यांची कचेरी खंय आसा?"

"कचेरी अशी नसते हो."

"म्हणजे अर्ज घेणारो कोण नाय." मामा माझ्याकडे वळले. "वकील, बिनकचेरीच्या माणसाक तू अर्ज लिवशीत?"

मी नाही म्हटले. जिथे पोच मिळत नाही, तिथे मी लेखणी उचलत नाही. जावई त्या दिवशी चहा न घेता गेला, आणि मामांनी मला पहिल्यांदा खुर्ची दिली. तोवर मी त्यांच्या घरी दारात उभा असे.

दुसरा प्रसंग सोसायटीच्या गणपतीचा. सेक्रेटरी शिर्के मंडपात लावण्यासाठी भजने मागायला आले. त्यांनी खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. "मामा, ह्याच्यात दहा-बारा टाका ना पटकन. आरतीची वेळ झालीय."

मामांनी पेनड्राइव्ह चष्मा वर करून पाहिला. "तुमच्या मंडपातल्या स्पीकराक ह्या वाचता येवचा नाय. ह्या पुसून, त्याका कळात असा फॉरमॅट करूक होया. आत काय आसा?"

"काय नाय हो. असंच कायतरी."

"असाच म्हणजे काय? पुसल्यावर परत येवचा नाय. लिवून द्या."

शिर्के हसले. मामा हसले नाहीत. खालून मला बोलावण्यात आले आणि मी तिथल्या तिथे मसुदा तयार केला: 'मी खाली सही करणार, या वस्तूतील सर्व मजकूर कायमचा नष्ट होणार असल्याची मला पूर्ण जाणीव असून, आतील मजकूर मी स्वतः पाहिला आहे व तो पुसण्यास माझी राजीखुशीची संमती आहे.' माझ्या उत्तम मसुद्यांपैकी हा एक आहे, असे मी आजही समजतो. शिर्के वैतागून आतला मजकूर पाहायला बसले, आणि त्यात सोसायटीच्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्ते निघाली, जी हरवल्याचे त्यांनी सर्वांना कळवले होते. मंडपात त्या वर्षी भजने उशिरा लागली. इतिवृत्ते मात्र सापडली, त्यामुळे शिर्क्यांनी मामांना कधी क्षमा केली नाही. मामांनी मात्र माझ्याकडून त्या संमतीपत्राच्या पन्नास प्रती छापून घेतल्या. पुढे त्यांच्या घरात त्या कागदावर सही झाल्याखेरीज काहीही पुसले गेले नाही.

हे सगळे मी इतक्या तपशिलाने सांगतो, ते पुढचे नीट कळावे म्हणून.

एका मंगळवारी माझ्या गाळ्यात तुकाराम राण्यांचे चिरंजीव आले. पन्नाशीचे गृहस्थ, वडिलांच्या नावातली चूक दुरुस्त करून घेण्यासाठी प्रतिज्ञापत्र हवे होते. बोलता बोलता वडील मृदंग वाजवत, हे निघाले.

"साहेब, बाबांचा वाजवतानाचा एकपण फोटो नाहीये आमच्याकडे," ते म्हणाले. "आवाज तर सोडाच."

आता, हा गृहस्थ कोणासमोर बसला आहे हे त्याला माहीत नव्हते. मला माहीत होते. मी म्हणालो, "तुमच्या वडिलांचे वादन माझ्या ताब्यात आहे." त्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला, तो माझ्या अर्जांना सहसा लाभत नाही. मी त्याला बाकावर थांबवून घरी गेलो, ट्रंक उघडली, टोपीसकट ड्राइव्ह आणला आणि गाळ्यातल्या कॉम्प्युटरला जोडला. मामांचा ड्राइव्ह त्यांच्या त्या वेगळ्या प्रणालीच्या लिपीत मांडलेला होता, आणि माझ्या कॉम्प्युटरला ती लिपी येत नव्हती. मोडीतला दस्त मोडी न येणाऱ्या कारकुनापुढे ठेवावा, तसे झाले. कारकुनाने तो कोरा आहे असे ठरवले आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना दिली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे.

'आवश्यक आहे.' माझे अर्धे आयुष्य या दोन शब्दांपुढे मान तुकवण्यात गेले आहे. फोटो आवश्यक आहे, साक्षीदार आवश्यक आहे, मूळ प्रत आवश्यक आहे. का, असे विचारणाऱ्याचा अर्ज मागे येतो, हे मी हजार पक्षकारांना समजावले आहे. फॉरमॅट म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते, असे मी म्हणणार नाही. त्यावरचे संमतीपत्र मीच लिहिले होते. परंतु समोर पक्षकार ताटकळला होता आणि कॉम्प्युटर अट घालत होता. मी अट पूर्ण केली. कॉम्प्युटरने पुन्हा एकदा विचारले. मी पुन्हा एकदा होय म्हटले. काही क्षणांत काम झाले. सरकारी कचेरीत एवढ्या तत्परतेने काही होताना मी पाहिलेले नाही.

ड्राइव्ह उघडला. आत काहीही नव्हते.

"काय झालं, साहेब?" राण्यांनी विचारले.

"तांत्रिक अडचण आहे," मी म्हणालो. "आपणास कळवण्यात येईल."

मी ड्राइव्ह काढला. वीसपर्यंत मोजले नाही. टोपीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि मनाची समजूत घातली की घरचा आणि लेकीचा हे दोघे शाबूत आहेत. पुढच्या पहिल्या रविवारी मामा तिसरा पुन्हा भरून घेतील, आणि तोवर एखादी सबब सुचेलच. सबबी सुचणे हा माझा व्यवसाय आहे.

त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे लेकीच्या ड्राइव्हच्या रविवारी, सोसायटीने बोलावलेल्या एका वायरमनने मीटरच्या खोलीत न्यूट्रलची तार सोडवून ठेवली आणि तो विडी प्यायला गेला. ज्यांना विजेतले कळते, त्यांनी मला नंतर सांगितले की अशाने घराघरांत दुप्पट दाबाची वीज घुसते. ज्यांना कळत नाही, त्यांना ते आपापल्या फ्रिजवरून कळले. सातही मजल्यांवर एकच आरडाओरडा झाला. कोणाचा टीव्ही, कोणाचे वॉशिंग मशीन. शिर्क्यांच्या घरातून धूर निघाला आणि त्यांनी तो जिन्यात येऊन सर्वांना दाखवला. मामांचा सर्व्हर गेला. घरचा गेला. त्याच क्षणी सर्व्हरला जोडलेला लेकीचाही गेला.

मी दार उघडून उभा होतो. सगळी इमारत जिन्यात उभी राहून आपापल्या नुकसानीचे आकडे सांगत होती, आणि तिच्या मधून परबमामा एकेक पायरी सावकाश उतरत आले. इतका निवांत माणूस त्या दिवशी घाटकोपरात दुसरा नसावा.

"मामा, तुमचं पण गेलं ना सगळं?" शिर्के म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात सहानुभूतीपेक्षा सोबतीचे समाधान जास्त होते.

"जाऊंदे. मशीना गेली," मामा म्हणाले. "माझो शेजारचो आसा."

आणि त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. मी टोपी त्यांच्या हातात दिली. वही त्यांनी बरोबर आणली होती. मी सही केली. 'सुस्थितीत व कोणत्याही तक्रारीविना.' मजकूर माझाच होता.

दोन दिवसांनी जावयाने दुसरे यंत्र आणून दिले. त्या संध्याकाळी मामा पुन्हा खाली आले. या वेळी आत आले नाहीत.

"ड्राइव्ह रिकामो आसा," ते म्हणाले.

"त्या विजेने काही झाले असेल, मामा," मी म्हणालो.

"तुझ्या ट्रंकेत वीज गेली?"

"त्याबाबत मला काहीही माहिती नाही." हे वाक्य मी अनेकांना लिहून दिले आहे. ते तोंडाने म्हणण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली.

मामांनी माझ्याकडे पाहिले. "बरा," असे म्हणाले आणि वर गेले.

पुढचे मला मामींकडून कळले. जावयाने सांगितले की फॉरमॅट केल्याने मजकूर लगेच नाहीसा होत नाही, केवळ त्याची अनुक्रमणिका जाते. त्या ड्राइव्हवर कोणी काही नवे लिहिले नसेल तर आतले खरवडून काढता येते. माझ्या हातून त्यावर काही लिहिले गेले नव्हते. न लिहिल्याचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा. जावयाने ते काम आठवडाभर चालवले आणि भजने परत आणली. परंतु नावे आणली नाहीत. कोणी गायले, कुठे, कोणाच्या पूजेला, हे सगळे मामांनी फाइलींच्या नावात लिहून ठेवले होते, आणि अनुक्रमणिकेबरोबर नावे गेली. आता सातशे बारा फाइली होत्या आणि त्यांना सातशे बारा आकडे होते.

"बाबा, गाण्याच्या फाइलच्या आतपण नाव लिहायची सोय असते," जावई म्हणाला. "तिथे लिहिलं असतं तर आज मिळालं असतं."

"जॉबच्या पोटात कोण नाव लिवता?" मामा म्हणाले. "चिठी भायर लावतत." वर्कशॉपातला प्रत्येक तयार तुकडा चिठी बांधूनच बाहेर पडे. ती सवय त्यांनी भजनांनाही लावली होती.

आणखी एक गोष्ट होती. जुन्या कॅसेटींवर प्रत्येक भजनाआधी मामांचाच आवाज असे: तारीख, ठिकाण, बुवा कोण. कॉम्प्युटरवर उतरवताना मामांनी तो एकूण एक ठिकाणचा कापून टाकला होता. कॅसेटी बुरशी लागली म्हणून फेकून दिल्या होत्या. "माझो आवाज कित्याक होयो मधी?" ते म्हणत. "गाण्यात घाण." इतक्या काटेकोर माणसाने आपला पुरावा आपल्याच हाताने नष्ट केला होता.

आता हे आवाज ओळखू शकेल असा एकच माणूस जिवंत होता, आणि त्याचा डावा कान गेलेला होता. उजवाही चालला आहे, असे कानाच्या डॉक्टरने त्याच महिन्यात सांगितले. कानाचे यंत्र लावून पाहिले, तर "पेटी पत्र्यावानी वाजता" म्हणून मामांनी ते काढून ठेवले. उरलेला कान असेपर्यंत सातशे बारा नावे लिहून काढायची होती. ती राहिली असती, तर दत्तारामबुवांचे भजन आणि समोरच्या मंडळाच्या कुठल्याही बुवाचे भजन यांत फरक करणारे जगात कोणी उरले नसते. तुकाराम राणे काही हजार टाळ्या-थापांत मिसळून गेले असते.

पुढच्याच रविवारी मामांनी वरून छडी आपटली. मला बोलावण्याची ती रीत होती.

"वकील, माका आयकूक लागतला, तेवा लिवूचा कोणी?" ते म्हणाले. "तू लिवणारो माणूस मां?"

मी लिहायला बसलो. एक वर्षभर, रविवारी सकाळी दहा ते एक, कधी सुट्टीच्या दिवशीही. मला भजनातले काही कळत नव्हते आणि मी ते लपवूनही ठेवले नव्हते. मामा स्पीकरला उजवा कान लावून बसत आणि मी समोर वही घेऊन बसे. माणूस आवाजावरून ओळखतात, अशी माझी समजूत होती. मामा माणूस कशावरूनही ओळखत.

"ह्यो गोविंद. झांज नको बघूस. श्वास घेताना नाकात शिटी वाजता, ती आयक."

"तो खोकलो आयकलंस? मोरजकर. तेका बाहेर बसयलेलो, तरी खोकलो आत इलो."

"ह्या भजनात मृदंगाचा चामडा सैल आसा. म्हणजे पावसाळो. म्हणजे गोकुळाष्टमी. लिव."

स्वयंपाकघरातून मामी हरकत घेत. "खंयची गोकुळाष्टमी! ती तांब्यांच्या खोलीतली पूजा. मी शिरो केललंय, तो लागलो तळाक. मागे भांडा घासल्याचो आवाज येता, आयका!"

मामांनी फाइल मागे घेतली. भांडे घासल्याचा आवाज खरोखर होता. मी गोकुळाष्टमी खोडली आणि तांबे कुटुंबाकडची पूजा लिहिली. साक्षीपुराव्याचा इतका सरळ निकाल मी आमच्या कचेरीत कधी लागलेला पाहिला नाही.

दोनशे-अडीचशे फाइली झाल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. मामांनी मध्येच भजन थांबवले आणि ती जुनी वही काढली.

"एक नोंद राहिली हा. लिव. शेजारचो. फॉरमॅट. मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनटा."

मी 'शेजारचा' एवढे लिहून पेन खाली ठेवले.

"जावयान पहिल्याच दिवशी दाखयला. ड्राइव्ह कधी फॉरमॅट झालो, ता आत लिवलेला असता," मामा म्हणाले. "मंगळवारी अकराक तुझो गाळो उघडो असता."

"तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत, मामा?"

"बोललंय असतंय तर तू इलो असतंस लिवूक?" ते म्हणाले. "तू अर्ज केलो असतंस माफीचो. चार पानांचो. माका अर्ज नको होतो, लिवणारो होयो होतो."

मी राण्यांच्या चिरंजीवांची हकीकत सांगितली. माझ्या सवयीप्रमाणे तिला काही परिस्थितीजन्य कारणे जोडली. मामांनी ती कारणे कानाआड केली, आणि या वेळी दोष कानाचा नव्हता.

"संमतीपत्र कोणी भरलेला?"

"कोणीच नाही."

त्यांनी फळीवरच्या गठ्ठ्यातून एक प्रत काढून माझ्यापुढे ठेवली. 'आतील मजकूर मी स्वतः पाहिला आहे.' मी माझा मसुदा अनेकदा वाचला होता; सही करण्यासाठी प्रथमच वाचला. तो वजनदार होता. मी सही केली. मामांनी तो कागद वहीत चिकटवला, वरून अंगठ्याने दाबला आणि वीसपर्यंत मोजले.

"आता कागद पुरो झालो," ते म्हणाले. "पुढचा लाव."

त्या दिवशी संध्याकाळी मी राण्यांना फोन केला. पुढच्या रविवारी ते आले, आणि मामांनी एकामागून एक फाइली लावत त्यांच्या वडिलांचे वादन शोधून काढले. पंधरा मिनिटे राणे मान खाली घालून मांडीवर बोटे आपटत राहिले. ताल चुकत होता. मामांनी मला हळूच सांगितले, "बापाचो हात नाय इलो तेका. पण बसलो तसोच हा." मामांना वाटले ते हळू बोलले. त्यांना आता स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नसे, त्यामुळे ते वाक्य खालच्या मजल्यापर्यंत गेले. राणे हसले आणि डोळे पुसू लागले.

सहाशेच्या पुढे मामांचा उजवा कानही साथ देईनासा झाला. आधी स्पीकर जवळ आला, मग आवाज मोठा झाला, मग शिर्क्यांची लेखी तक्रार आली, जिचे उत्तर मी इतके वजनदार लिहिले की ते पुन्हा आले नाहीत. शेवटी मामा कान बाजूला ठेवून तळहाताने ऐकू लागले. स्पीकरच्या लाकडी पेटीवर हात पालथा ठेवायचा आणि डोळे मिटायचे. थाप हातात येते, म्हणायचे. कोणते बुवा गातात, हे मात्र हातात येत नसे. ते आता मी सांगू लागलो होतो. एका वर्षात मला कोणी भजनी म्हटले नसते. पण दत्तारामबुवा सूर लावण्याआधी घसा साफ करतात, गोविंद नाकातून श्वास घेतात, आणि मोरजकर बाहेर बसवूनही आत येतात, एवढे मला येत होते. मी कागदावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून मामांपुढे धरी. ते वाचून, हाताने ताडून, मान हलवीत. क्वचित खोडीत. माझ्या मजकुरात खोडाखोड करणारा दुसरा माणूस मी जन्मात खपवून घेतलेला नाही.

मामा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. परंतु मला ते आठवतात, ते शेवटच्या फाइलीच्या रविवारचे.

सातशे बारावी. मी ती लावली. मामांचा तळहात पेटीवर. आतून आधी खरखर आली, आणि मग भजन सुरू होण्याऐवजी एक तरुण, घाईतला, किंचित घाबरलेला आवाज आला. तारीख सांगितली. खोली सांगितली. बुवा दत्ताराम परब, असे सांगितले. मग मागे कोणी तरी "वामन, सरक रे, पेटी येवंदे" म्हणाले, आणि तो आवाज "होय दादा" म्हणून गप्प झाला. सातशे बारांपैकी एकाच ठिकाणी कात्री चुकली होती.

मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातातले उलथणे तसेच होते.

मामांनी डोळे उघडले. "थाप नाय. कोण आसा?"

मी कागदावर लिहिले: 'तुम्ही.'

त्यांनी कागद हातात घेतला आणि चष्मा वर करून वाचला. मग नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले, "काप तेका. गाण्यात घाण."

मी उठलो. फळीवरच्या गठ्ठ्यातून संमतीपत्राची एक कोरी प्रत काढली, पेन उघडून तिच्यावर ठेवले आणि ती त्यांच्यापुढे सरकवली. पेन उचलून त्यांनी मसुदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. 'आतील मजकूर मी स्वतः पाहिला आहे' या ओळीशी थांबले. मग पेनाला टोपण लावले, हात पुन्हा पेटीवर ठेवला आणि मला म्हणाले, "मागे घे. पयल्यापासून लाव."

मी फाइल मागे घेतली. ते डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या तळहाताखाली तो पोरगेला वामन पुन्हा तारीख सांगू लागला.

ते संमतीपत्र माझ्या ट्रंकेत, टोपीच्या शेजारी आहे. त्यावर सही आजतागायत झालेली नाही.